गोराईच्या पावसाळ्यात लंगडलेली मेंढी

दख्खनी मेंढी ही मुळात कमी पावसाच्या मुलखातली आहे. माण, आटपाडी, जत, सांगोला या पट्ट्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर मुंबईत सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरहून अधिक, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत मेंढरे बसवतात आणि मृग लागण्याआधी पुन्हा घाटावर जातात. त्यामागे चाऱ्याचा हिशेब जितका आहे, तितकाच खुरांचाही आहे. पनवेलजवळ वाघर, म्हणजे मेंढरे कोंडायची जाळी, लावून तळ दिलेल्या एका वयस्क मेंढपाळाकडून मी मुंबईतल्या आमच्या गोराईच्या वाडीसाठी काही मेंढ्या घेतल्या, तेव्हा त्याने पैसे मोजून घेतल्यावर मला एवढेच सांगितले, "मास्तर, चाऱ्याची काळजी करू नका. पाण्यापावसात पाय तेवढे बघा."

वाडी आमच्या सासरेबुवांची. नारळ, चिकू, चार-दोन आंबे आणि त्यांच्याखाली पावसाळ्यात कंबरेएवढे वाढणारे गवत. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी पत्नी तिथेच राहू लागलो. गवत कापण्यासाठी दरवर्षी माणसे शोधण्यापेक्षा चार जनावरे बाळगावीत, असा साधा विचार त्यामागे होता. शेळ्या झाडांच्या साली कुरतडतात, मेंढ्या बहुतांशी खाली मान घालून गवतच खातात, म्हणून मेंढ्या.

आषाढ उलटत आला होता आणि पाऊस लागून राहिला होता. सकाळी कुंपणाचे फाटक उघडल्यावर मेंढ्या एकगठ्ठा बाहेर पडतात, पण त्या दिवसांत काळ्या तोंडाची एक मेंढी रोज शेवटी निघू लागली. चालताना पुढचा डावा पाय जमिनीला टेकला की तिची मान वर उचलली जाई आणि उजवा टेकला की खाली येई. मेंढी दुखणे लपवणारे जनावर आहे. कळपातल्या दुबळ्या जनावरावर शिकारी श्वापदाची नजर आधी जाते, त्यामुळे वेदना दाखवण्याची सवय तिच्या जातीला परवडणारीच नाही. म्हणून मेंढी उघडउघड लंगडू लागली, तर दुखणे काही काळापासून सुरू आहे असे समजावे. दुसऱ्याच दिवशी ती पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर टेकून चरताना दिसली. ज्यांनी मेंढरे पाळलेली नाहीत त्यांना हे दृश्य गमतीचे वाटते. आमच्याकडे सुट्टीला आलेल्या नातवाने तर तिचा फोटोही काढला. प्रत्यक्षात, दुखऱ्या पुढच्या पायांवर भार नको म्हणून जनावराने शोधलेली ती पळवाट असते.

मेंढीला तपासायचे म्हणजे आधी तिला धरायचे आणि मग बसवायचे. लोकर धरून ओढले तर कातडीखाली रक्त साकळते, म्हणून एक हात हनुवटीखाली आणि दुसरा मागच्या मांडीशी घालून तिला वळवावे लागते. मान तिच्याच कुशीकडे वळवली की मागचा भाग आपोआप खाली बसतो, आणि मग तिला आपल्या गुडघ्यांना टेकवून, चारही पाय समोर येतील अशी ढुंगणावर बसवता येते. अशी बसलेली मेंढी आश्चर्य वाटावे इतकी शांत राहते. पोट भरून चरल्यावर लगेच असे बसवू नये आणि गाभण मेंढीला शेवटच्या दिवसांत तर मुळीच नाही. हे मला त्या मेंढपाळाने तळावरच करून दाखवले होते. माझी पाठ आता पूर्वीसारखी वाकत नाही, त्यामुळे आमच्याकडे मेंढीला मी धरतो आणि पायाची पाहणी माझी पत्नी करते, अशी विभागणी ठरून गेली आहे. तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे, हेही त्यामागचे एक कारण.

पायाकडे पाहताना आम्ही वरून खाली आलो. खांदा, कोपर, गुडघा यांवर हात फिरवून कुठे सूज आहे का, कुठला सांधा दुसऱ्या बाजूच्या सांध्यापेक्षा गरम लागतो का, हे आधी पाहिले, कारण लंगडणाऱ्या प्रत्येक जनावराचे दुखणे खुरातच असते असे नाही. कोकरांमध्ये नाळेवाटे जंतू शिरून सांधे सुजतात, आणि मोठ्या मेंढीला साधा मुरगळाही होऊ शकतो. तिथे काही सापडले नाही. मग खूर. मेंढीच्या प्रत्येक पायाला खुराचे दोन भाग असतात आणि त्यांच्या फटीच्या वर, समोरच्या बाजूला, एका लहान ग्रंथीचे तोंड असते. त्यातून थोडा मेणचट स्राव येणे हे रोगाचे लक्षण नव्हे. ती ग्रंथी तुंबून सुजली तर मात्र जनावर लंगडू शकते. आमच्या मेंढीची ग्रंथी ठीक होती. दोन खुरांमधली कातडी मात्र लाल, ओलसर आणि पांढुरक्या थराने माखलेली होती, आणि बाहेरच्या खुराच्या आतल्या कडेला टणक भाग खालच्या मांसापासून सुटू लागला होता. पत्नीने तिथे बोट लावले आणि लगेच मागे घेतले. तो वास ज्याने एकदा घेतला त्याला पुन्हा सांगावा लागत नाही. कुजलेल्या मांसाचा, पण त्याहूनही काहीसा गोडसर आणि चिकट असा तो वास हाताला साबण लावूनही संध्याकाळपर्यंत गेला नाही.

वास आला म्हणजे खूर कुजण्याचा रोग असावा, असा आमचा अंदाज होता. तरी एक गोष्ट आधी वगळणे भाग होते, ती म्हणजे लाळ्या खुरकूत. हा विषाणूचा रोग आहे. गाईम्हशींत त्याची लक्षणे ठळक दिसतात, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, पण मेंढ्यांमध्ये तोंडातले फोड इतके सौम्य असू शकतात की लंगडणे हेच एक लक्षण डोळ्यांत भरते. त्यात बहुधा एकाच वेळी अनेक जनावरे लंगडतात, ताप येतो आणि खुराच्या वरच्या कडेला, म्हणजे केसाळ कातडी जिथे संपते तिथे, फोड येतात. मेंढीच्या शरीराचे तापमान एरवीही आपल्यापेक्षा बरेच अधिक, साधारण १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे नुसत्या हातावरून तापाचा अंदाज करू नये. आम्ही थर्मामीटर लावला, जीभ, हिरड्या आणि ओठांची आतली बाजू पाहिली, बाकीच्या मेंढ्यांची तोंडे पाहिली आणि शेजारच्या वाडीतल्या म्हशींचीही चौकशी केली. कुठेच काही नव्हते. लाळ्या खुरकुताची नुसती शंका आली तरी ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे बंधनकारक आहे. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यात या रोगाचा समावेश आहे, आणि २०१९ पासून त्याच्या लसीकरणाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. ही चौकशी आधी उरकली की पुढच्या सगळ्या गोष्टी निवांतपणे करता येतात.

दरम्यान मेंढी लंगडते ही बातमी गावात पसरली होती, आणि सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. शेजारच्या वाडीतले नाना चांगले धारदार कोयते बाळगून असतात. त्यांचे म्हणणे असे की कुजलेला भाग ताजे रक्त दिसेपर्यंत साळून काढावा आणि वर फिनेल ओतावे. दुसऱ्या एका गृहस्थांनी मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात पाय बुडवायला सांगितले. तिसऱ्यांनी जळके ऑइल सुचवले, आणि ते देण्यासाठी स्वतःच्या रिक्षातून डबाही आणला. फोनवर मेंढपाळाला विचारले तेव्हा तोही म्हणाला, "थोडं साळा, आत हवा लागू द्या." तो अनुभवी माणूस, त्याचा शब्द टाकवेना. पण सुटलेल्या खुराखालचा तो लालभडक भाग पाहिल्यावर तिथे पाते लावण्याची कल्पना आम्हा दोघांनाही पटेना. म्हणून एका पशुवैद्यक डॉक्टरांना गाठायचे ठरले.

मुंबईत जनावरांची वैद्यकी नवी नाही. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि त्याच्या लगतच बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. पण गोराईहून लंगडी मेंढी परळला न्यायची म्हणजे भर पावसात खाडीच्या बोटीत तिला चढवायचे, किंवा टेंपो करून उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने सगळी मुंबई ओलांडायची. शिवाय ज्या दवाखान्यांत आम्ही फोन केले, तिथे बहुतेकांचा रोजचा राबता कुत्र्यामांजरांचा होता. एका ठिकाणी तर मेंढीचे नाव नोंदवून घेताना "ब्रीड कोणती?" या प्रश्नाला मी "दख्खनी" असे उत्तर दिल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. अखेर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने एक तरुण डॉक्टर वाडीवर यायला तयार झाल्या. शिक्षण त्यांचे परळला झालेले आणि पुढची काही वर्षे सोलापूरकडे शेळ्यामेंढ्यांत गेलेली, त्यामुळे मेंढी बसवण्यापासून त्यांना काही सांगावे लागले नाही.

त्यांनी पाय पाहिला, वास घेतला आणि खुराचा सुटलेला भाग नुसता बोटाने चाचपून खूर कुजण्याचाच रोग असल्याचे निदान केले. मग आमच्याशी बराच वेळ बोलल्या. या रोगाचा मूळ जंतू डायचेलोबॅक्टर नोडोसस हा आहे आणि बेव्हरिज नावाच्या संशोधकाने ऑस्ट्रेलियात तो १९४१ साली सिद्ध केला. तो एकटा क्वचितच सुरुवात करतो. सतत ओल्या राहिलेल्या आणि मऊ पडलेल्या कातडीत आधी शेणामातीतला दुसरा एक जंतू, फ्युझोबॅक्टेरियम, शिरकाव करतो, आणि त्याने वाट मोकळी केल्यावर हा आत जाऊन खुराचा टणक भाग मांसापासून सोडवत नेतो. आपल्या देशात काश्मीरमधल्या मेंढ्यांत हा रोग पुष्कळ अभ्यासला गेला आहे. ओल आणि ऊब या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या की तो फोफावतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात या दोहोंपैकी कशाचीच टंचाई नसते.

नानांच्या कोयत्याचा विषय मीच काढला. डॉक्टर हसल्या नाहीत. जुन्या पाठ्यपुस्तकांतही खूर साळूनच उपचार सांगितलेला आहे, असे त्या म्हणाल्या, आणि म्हणूनच मेंढपाळाचे म्हणणे चूक नव्हे, ते त्या काळचे शास्त्रच होते. ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी या प्रश्नावर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या आणि २०१० मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिलेल्या मेंढ्यांपैकी ज्यांचे खूर साळले गेले त्या सावकाश बऱ्या झाल्या, आणि ज्यांच्या खुरांना हात लावला नाही त्या लवकर. कारण समजून घेतले तर त्यात आश्चर्य नाही. खुराचे कवच हाच आतल्या नाजूक भागाचा आधार असतो. तो कापला की जनावर उघड्या मांसावर चालू लागते, आणि रक्त येईपर्यंत साळलेल्या जागी पुढे मांसाचा लालसर गोळा वाढतो, जो आयुष्यभर दुखत राहतो. शिवाय एका मेंढीच्या पायावर चाललेले पाते दुसरीच्या पायाला लावले तर रोग आपल्याच हाताने वाटला जातो. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशा बसून अळ्या पडण्याची भीती वेगळीच. मला स्वतःला हे सगळे पटले ते संशोधनाच्या दाखल्यापेक्षा त्यामागची कारणे ऐकून. चाळीस वर्षे शिकवण्यात घालवलेल्या माणसाला 'का' हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

उपचार त्यांनी ठरवला तो असा. दीर्घकाळ परिणाम टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन, किलोमागे वीस मिलिग्रॅम या प्रमाणात, मानेच्या स्नायूत. यात वजनाचा अंदाज नेमका असावा लागतो. कमी मात्रेने जंतू मरत नाहीत, फक्त औषधाला सरावतात. मेंढीचे वजन डोळ्यांनी सांगणाऱ्यांची आमच्याकडे कमतरता नव्हती आणि त्यांच्या आकड्यांत दहा-दहा किलोंची तफावत होती. म्हणून मी न्हाणीघरातला वजनकाटा पडवीत आणला, आधी एकटा उभा राहिलो, मग मेंढीला उचलून घेऊन उभा राहिलो आणि दोन आकड्यांतली वजाबाकी केली. ती तीस किलोंच्या थोडी वर भरली, म्हणजे मिलिलिटरमागे दोनशे मिलिग्रॅम ताकदीचे औषध तीन मिलिलिटरहून किंचित जास्त. ते जाडसर आणि टोचताना झोंबणारे असते, त्यामुळे मेंढीने मान झटकली आणि सुई निसटता निसटता राहिली. खुरांमधल्या फटीत आणि सुटलेल्या कडेखाली, आधी चिखल पुसून, प्रतिजैविकाचा फवारा मारला आणि तो वाळेपर्यंत तिला कोरड्या फरशीवर उभे केले.

वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिले. या औषधामुळे खूर लवकर भरतो असे नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, पण दुखऱ्या पायावर उभे राहणाऱ्या जनावराने नीट खावे-प्यावे यासाठी ते देणे योग्यच. गावातल्या एकाने माणसांच्या डायक्लोफिनॅकची सुई सुचवली होती, तिचा उल्लेख केल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक २००६ पासून आपल्याकडे बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे प्रेत खाल्ल्यावर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि देशातली गिधाडे त्यामुळेच जवळजवळ संपली. गोराईत गिधाडे नाहीत म्हणून ते चालेल, असा युक्तिवाद कोणी करू नये. औषध दिल्यापासून बाटलीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत त्या मेंढीचे दूध वा मांस खाण्यात येऊ नये, हेही त्यांनी आमच्या वहीत लिहून दिले.

इथपर्यंतचा भाग तसा सोपा होता. सुई एकदा टोचली की टोचली. खरा कस लागला तो कोरडी जागा निर्माण करताना, आणि त्याबद्दल कोणीच फारसे बोलत नाही. मेंढीच्या पायाबाहेर, चिखलात आणि शेणात, हा जंतू फार टिकत नाही. आठवडाभर, फार तर दोन आठवडे. म्हणजे लंगडी जनावरे कळपातून बाजूला काढली आणि जमीन तेवढा काळ मोकळी ठेवली, तर रोगाचा जोर मोडता येतो. कागदावर हे फार सुटसुटीत दिसते. आमच्या वाडीत श्रावणात कोरडी म्हणावी अशी जागा म्हणजे आमची पडवी आणि विहिरीवरचा ओटा. गोठ्याची जमीन मातीची, वर पत्रा, पण वारा दर्याकडून आला की पाऊस आडवा आत येतो. सगळ्यात वाईट चिखल पाण्याच्या टाकीपाशी आणि फाटकात होता, कारण तिथे सगळी जनावरे दिवसातून अनेकदा एकाच जागी पाय देतात. एका मेंढीच्या पायातून पडलेला जंतू दुसरीच्या पायात जाण्याचे ठिकाण नेमके तेच.

आधी आम्ही पाण्याची टाकी हलवली आणि तिच्याभोवती भाईंदरहून आणलेली जाड खडी पसरली. फाटकात जुन्या विटांचे तुकडे ठोकून बसवले. त्यावर बारीक रेती टाकली, कारण अणकुचीदार कडांनी खुरांना इजा झाली असती. गोठ्याच्या पावसाच्या बाजूला ताडपत्री बांधली, तीही पूर्ण खालपर्यंत नव्हे. खाली हातभर फट ठेवली नाही तर आतली हवा कोंदते, मुताचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबतो आणि मेंढ्या खोकू लागतात. लंगड्या मेंढीसाठी गोदामातून मिळालेल्या लाकडी पॅलेटांची माची केली. पॅलेटांच्या फळ्यांमध्ये फटी फार रुंद असतात, त्यांत पाय अडकून मोडू शकतो, म्हणून मधे आणखी पट्ट्या ठोकून दीड-दोन सेंटीमीटरचीच फट ठेवली, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली जाते, पण खूर जात नाही. बाकीच्या गोठ्यात खाली विरलेल्या चुन्याची पातळ थर, त्यावर भाताचे तूस आणि वर पेंढा. चुना विरलेलाच हवा. कळीचा चुना ओलीत उकळतो आणि कातडी भाजतो. पेंढा रोज बदलणे परवडत नव्हते, म्हणून भिजलेला तेवढा काढून वर नवा टाकत राहिलो. पावसाळ्यात कोरडा पेंढा मिळवणे हे औषध मिळवण्यापेक्षा अवघड आहे. वसईकडच्या एका शेतकऱ्याने माळ्यावर साठवलेला दिला, आणि भाव त्याने औषधाच्याच तोडीचा लावला.

उरलेल्या मेंढ्यांसाठी डॉक्टरांनी झिंक सल्फेटच्या पाण्यात खुरे बुडवायला सांगितले. शेतीच्या दुकानात ते खत म्हणून मिळते. दहा लिटर पाण्याला एक किलो, असे साधारण दहा टक्क्यांचे पाणी एका पसरट प्लास्टिकच्या टबात केले, तळाला जुने पोते अंथरले म्हणजे पाय घसरत नाही, आणि एकेकीला काही मिनिटे त्यात उभे केले. मोरचुदाचा आग्रह धरणाऱ्या शेजाऱ्यांना मला इथे थांबवावे लागले. मोरचुदाने जंतू मरतात हे खरेच आहे, पण त्यातले तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि गाईम्हशींना न बाधणारी मात्रा मेंढीच्या जिवावर बेतू शकते. टबातले पाणी ती प्यायली तर संपलेच. झिंकचे पाणीही तिने पिऊ नये, म्हणून आधी साधे पाणी भरपूर पाजून मगच टबाकडे न्यायचे. टबातून काढल्यावर चिखलात सोडले तर सगळा खटाटोप वाया जातो. पाय वाळेपर्यंत तासभर तरी त्यांना कोरड्या जागी थोपवून धरावे लागते, आणि कोरडी जागा म्हणजे पुन्हा आमची पडवीच. त्या दिवसांत पडवीत मेंढ्या आणि अंगणात आमच्या चपला, अशी स्थिती होती. पत्नीने ती सहन केली, पण पोस्टमनने दारातूनच पत्रे टाकायला सुरुवात केली.

काळ्या तोंडाच्या मेंढीचे लंगडणे आठवड्याच्या आतच बरेच कमी झाले. फटीतली कातडी कोरडी आणि फिकट गुलाबी दिसू लागली आणि तो वास गेला. सुटलेला खूर मात्र लगेच चिकटत नाही, तो वरून वाढत खाली येतो आणि जुना भाग चालता चालता झिजून गळतो. आम्ही त्याला हात लावला नाही.

ती बरी होत असतानाच कळपातली एक धिप्पाड मेंढी अचानक लंगडू लागली. कालपर्यंत ठणठणीत आणि आज मागचा पाय जमिनीला टेकवायला तयार नाही, असा प्रकार. सगळ्यांनी, मीही, तोच रोग पुन्हा आला असे धरले. पण पत्नीने पाय पाहिला आणि म्हणाली, "अहो, इथं वास नाही, आणि फट अगदी कोरडी आहे." खूर मात्र गरम होता आणि एका बाजूने नुसते दाबले तरी मेंढी पाय हिसडत होती. डॉक्टर पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी खुराच्या तळव्यावर, भिंत आणि तळवा जिथे जुळतात त्या पांढऱ्या रेघेवर, एक काळा ठिपका दाखवला. तिथून बारीक खडा किंवा काटा आत जाऊन पू झाला होता. या वेळी त्यांनी स्वतःच पिशवीतून खुराचा बाकदार सुरा काढला आणि त्या ठिपक्यापाशी अगदी थोडे, नखाएवढे, खरवडले. राखाडी काळपट पू दाबाखाली बाहेर आला. त्यांनी जागा धुऊन आयोडीन लावले आणि मेंढी त्याच संध्याकाळी पाय टेकू लागली. नाना तेव्हा कुंपणापलीकडे उभे होते. सुरा पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते लपण्यासारखे नव्हते. मी त्यांना दोन्ही दुखण्यांतला फरक समजावण्याचा प्रयत्न केला. पू साचला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते, आणि कातडी कुजत असेल तर तिला झाकून ठेवावे लागते. त्यांनी मान डोलावली, पण पटले असे वाटले नाही. खडीचा एखादा दाणा आत गेला असेल अशी शंका आल्याने फाटकातल्या रेतीची थर आम्ही आणखी जाड केली.

भाद्रपदात पाऊस ओसरला तशी कामे हलकी झाली. एका म्हाताऱ्या मेंढीचा पाय मात्र औषधानंतर भरला आणि ओल लागताच पुन्हा उलटला. तिच्या खुराचा आकारच बिघडलेला होता, कधी काळी कोणी खोलवर साळल्याची खूण असावी, आणि अशा वाकड्या खुरात चिखल अडकून राहतो. वारंवार उलटणारी मेंढी कळपात ठेवली तर तीच पुढच्या वर्षीच्या रोगाचे मूळ होते, त्यामुळे तिला काढून टाकावे, असे डॉक्टरांचे मत होते. शास्त्राच्या बाजूने ते बरोबरच आहे, आणि ज्यांचे पोट कळपावर आहे त्यांनी तसेच करावे. आमचे पोट पेन्शनवर आहे, म्हणून आम्ही तिला माचीवर वेगळी बांधली आणि बाकीच्यांत मिसळू दिली नाही.

दिवाळीनंतर तो मेंढपाळ पुन्हा पनवेलकडे उतरला, तेव्हा मी त्याला गोराईला बोलावून घेतले. त्याने एकेक मेंढी धरून खुरे पाहिली आणि काळ्या तोंडाचीचा पाय बराच वेळ हातात धरून, "साळला न्हाई तरी भरला की," असे स्वतःशीच म्हणाला. मग व्यवहाराचे बोलणे झाले. वैशाख संपता संपता मेंढ्या त्याच्याबरोबर घाटावर जातील, पावसाळा माणदेशात काढतील आणि दिवाळीनंतर इथे येतील. होणाऱ्या कोकरांची वाटणी अर्धलीने, लोकर त्याची आणि औषधाचा खर्च माझा. म्हातारी मेंढी त्याने घ्यायला साफ नकार दिला, तिच्यामुळे त्याचा कळप बिघडेल म्हणून, आणि त्यावर मला वाद घालता आला नाही. पावसाळ्यातले गवत आता पुन्हा माणसे लावूनच कापावे लागणार आहे. त्यासाठी नानांशी बोलणे सुरू आहे. कोयते त्यांच्याकडे आहेतच.